नेतृत्वाचं प्रशिक्षण आणि नेतृत्वाची जागा
(परिचारिका, प्रसाविका आणि आंतरराष्ट्रीय भागीदाऱ्या या विषयावरील व्याख्यानाचे शब्दांकन)

आजच्या विषयाचं नाव लांबलचक आहे, त्यामुळे एका साध्या निरीक्षणापासून सुरुवात करतो. आपल्या सरकारी रुग्णालयातल्या पदांची मराठी नावं तुम्ही कधी नीट वाचली आहेत का? स्टाफ नर्स म्हणजे अधिपरिचारिका. वॉर्डची सिस्टर म्हणजे परिसेविका. मेट्रन म्हणजे अधिसेविका. पंचवीस-तीस वर्षं नोकरी करून बाई शिडीच्या वरच्या पायरीवर पोचते, आणि तिथे तिच्या नावात काय वाढतं? 'सेवा' वाढते. डॉक्टर मंडळींच्या पदांमध्ये अधीक्षक येतो, अधिष्ठाता येतो, संचालक येतो. इकडे मात्र परिचर्येतून सेवेकडे. मी भाषेवर खटला भरत नाहीये. पण आपण ज्या समाजात 'परिचारिकांचं नेतृत्व' हा शब्द उच्चारतो आहोत, त्या समाजाच्या शब्दकोशात त्याची सोय किती आहे, ते आधी लक्षात असू द्या.

आता बाहेर काय चाललं आहे ते पाहू. गेली तीसेक वर्षं परिचारिकांसाठी नेतृत्वविकासाचे आंतरराष्ट्रीय कार्यक्रम चालू आहेत. परिचारिकांची जी जागतिक परिषद आहे, इंटरनॅशनल कौन्सिल ऑफ नर्सेस, तिने १९९०च्या दशकात 'लीडरशिप फॉर चेंज' हा कार्यक्रम सुरू केला. ब्रिटनमधल्या रुग्णालयांनी आफ्रिकेतल्या आणि आशियातल्या रुग्णालयांशी जोड्या जमवल्या. २०१६ साली ब्रिटिश संसदेतल्या सर्वपक्षीय गटाने 'ट्रिपल इम्पॅक्ट' नावाचा अहवाल काढला. त्यातून फेब्रुवारी २०१८ मध्ये 'नर्सिंग नाऊ' ही तीन वर्षांची मोहीम उभी राहिली. त्याच मोहिमेतलं 'नाइटिंगेल चॅलेंज' असं सांगत होतं की, प्रत्येक मोठ्या संस्थेने पस्तिशीच्या आतल्या वीस परिचारिकांना किंवा प्रसाविकांना नेतृत्वाचं प्रशिक्षण द्यावं. जगभर किमान २०,००० जणींपर्यंत पोचण्याचं लक्ष्य होतं. वर्ष निवडलं होतं २०२०, फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या जन्माला दोनशे वर्षं होत होती म्हणून. ते वर्ष प्रत्यक्षात कसं गेलं, ते मी सांगायला नको. सत्कार करायचे होते, पीपीई किट शोधावे लागले.

या सगळ्यामागची कळकळ खोटी नाही. आकडे बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या अहवालानुसार जगात २ कोटी ७९ लाख परिचारिका होत्या आणि ५९ लाखांची तूट होती. २०२१च्या प्रसाविकांच्या अहवालात ९ लाख प्रसाविकांची तूट सांगितली आहे. आरोग्यक्षेत्रात काम करणाऱ्यांत सुमारे ७० टक्के स्त्रिया, आणि वरच्या पदांवर त्या केवळ २५ टक्के. या संघटनेच्याच २०१९च्या अहवालाचं शीर्षक होतं, बायका काम करतात आणि पुरुष नेतृत्व करतात, अशा अर्थाचं. म्हणजे दुखणं खरं आहे. माझा प्रश्न औषधाबद्दल आहे.

टीका करण्याआधी जमेची बाजू मांडतो, कारण ती मोठी आहे.

सोमालीलँडच्या एडना अदान इस्माईल यांचं उदाहरण घ्या. १९५०च्या दशकात ही मुलगी ब्रिटनला जाऊन परिचर्या आणि प्रसूतिविद्या शिकली. परत येऊन आपल्या देशात काम केलं, पुढे जागतिक आरोग्य संघटनेत नोकरी केली. १९७०च्या दशकात त्यांनी मुलींच्या खतन्याविरुद्ध जाहीरपणे बोलायला सुरुवात केली. त्या समाजात तो विषय उच्चारणं हेच धाडस होतं. निवृत्तीनंतर आयुष्यभराची पुंजी घालून त्यांनी हर्गेसामध्ये प्रसूति-रुग्णालय बांधलं, ते २००२ मध्ये उघडलं. तिथे प्रसाविका तयार होऊ लागल्या. मधल्या काळात त्या परराष्ट्रमंत्रीही झाल्या. आता यात परदेशी शिक्षणाचा वाटा नाही असं कोण म्हणेल? मी म्हणणार नाही. पण ब्रिटनमध्ये त्यांना मिळालं ते कसब. खतन्याबद्दल कुठल्या बाईशी, कुठल्या शब्दांत, कुणाच्या समोर बोलायचं, हे त्यांना लंडनमध्ये कोण शिकवणार होतं? ते त्यांनी घरातून, भाषेतून आणि स्वतःच्या देहावरच्या अनुभवातून आणलं होतं.

दुसरं उदाहरण जुनं आहे. १८६८ साली नाइटिंगेलने ल्युसी ऑसबर्न या बाईंना पाच परिचारिकांसह सिडनीला पाठवलं. आजच्या भाषेत हा नेतृत्वाचा आंतरराष्ट्रीय प्रकल्पच. तिथे डॉक्टरांशी खटके उडाले, इस्पितळात घाण होती, समितीला बाईंचा अधिकार मान्य नव्हता. लंडनला पत्रं जात होती, आणि नाइटिंगेलचा हळूहळू त्यांच्यावरचा विश्वास उडाला. १८७३ मध्ये तिथल्या चौकशी आयोगाने मात्र ऑसबर्नबाईंचं काम उचलून धरलं. गंमत बघा. पाठवणाऱ्या केंद्राच्या लेखी त्या अपयशी ठरत होत्या, आणि ज्या गावात काम केलं तिथे त्या उपयोगी ठरत होत्या. यशाचं मोजमाप कुणी करायचं, हा भागीदारीतला सगळ्यात जुना प्रश्न आहे. दीडशे वर्षांनी तो तसाच आहे, फक्त पत्राच्या जागी मूल्यमापनाचा तक्ता आला.

आता माझे आक्षेप. तीन आहेत.

पहिला आक्षेप 'कौशल्य' या शब्दाला आहे. या कार्यक्रमांत नेतृत्व हे कौशल्य मानलेलं असतं. कौशल्य म्हणजे जे सुटं करता येतं, पायऱ्यांत मांडता येतं आणि एका देशातून दुसऱ्या देशात नेता येतं. संवादकौशल्य, वाटाघाट, वेळेचं नियोजन वगैरे. ॲरिस्टॉटलने दोन प्रकारच्या ज्ञानांत फरक केला होता. एक, वस्तू कशी बनवायची याचं ज्ञान, तेख्ने. दुसरं, या प्रसंगी काय करणं योग्य हे ओळखण्याची जाण, फ्रोनेसिस. पहिलं शिकवता येतं. दुसरं अनुभवातून मुरतं, लोणच्यासारखं. बरणी उन्हात ठेवून आठवड्यात लोणचं मुरत नाही.

हे फक्त तत्त्वज्ञानवाल्यांचं बोलणं नाही. पॅट्रिशिया बेनर या अमेरिकन परिचारिका-संशोधक. त्यांनी १९८४ मध्ये एक पुस्तक लिहिलं, नवशिकी परिचारिका तज्ज्ञ कशी होते यावर. ड्रायफस बंधूंची पाच पायऱ्यांची मांडणी त्यांनी परिचर्येला लावली. त्यातली मुद्द्याची गोष्ट अशी की, नवशिकी नियमांवर चालते, आणि तज्ज्ञ परिचारिका अख्खी परिस्थिती एका नजरेत वाचते. रुग्णाचा रंग बदललाय, श्वास वेगळा आहे, काहीतरी बिनसलंय. कागदावर सगळं ठीक असतं, तरी ती डॉक्टरांना उठवते. आता विचार करा. रात्री अडीच वाजता झोपलेल्या निवासी डॉक्टरांना तिसऱ्यांदा फोन करणं, रागावले तरी करणं, हे नेतृत्व नाही तर दुसरं काय आहे? आणि हे त्या वॉर्डाशी, त्या डॉक्टरांशी, त्या भाषेशी बांधलेलं आहे. ते सुटं काढून दोन आठवड्यांच्या अभ्यासक्रमात भरता येत नाही. इथे न्यायाने एक सांगायला हवं: चांगले कार्यक्रम हे ओळखतात. ते परिचारिकांना स्वतःच्याच वॉर्डातला एखादा प्रश्न हाती घेऊन सोडवायला लावतात. तो भाग मला मोलाचा वाटतो. पण अहवालात गणना होते ती 'किती जणी प्रशिक्षित' याची.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. नेतृत्वाची उणीव परिचारिकेच्या आत आहे, असं हे कार्यक्रम गृहीत धरतात. तिच्यात आत्मविश्वास कमी, तिला बोलता येत नाही, म्हणून तिला घडवूया. पण खरंच तसं आहे का?

मुंबईच्या केईएम रुग्णालयाची गोष्ट तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. नोव्हेंबर १९७३ मध्ये अरुणा शानबाग या तरुण परिचारिकेवर रुग्णालयातच हल्ला झाला आणि ती कायमची अंथरुणाला खिळली. तेव्हा परिचारिकांनी संप केला. मागणी अरुणासाठी होती आणि स्वतःच्या सुरक्षिततेसाठीही. पुढे ती खाट रिकामी करण्याचा विषय महापालिकेत निघाला तेव्हा परिचारिकाच आडव्या उभ्या राहिल्या. चार दशकांहून अधिक काळ, २०१५ पर्यंत, परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी तिला सांभाळलं. ७ मार्च २०११ला सर्वोच्च न्यायालयाने इच्छामरणाच्या प्रकरणात निकाल दिला, तेव्हा अरुणाच्या वतीने बोलण्याचा अधिकार कुणाचा हा प्रश्न आला. न्यायालयाने तो केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला. तिला जगवत ठेवणं बरोबर की चूक, यावर मतभेद आहेत, मलाही काही शंका आहेत, तो आजचा विषय नाही. माझा मुद्दा एवढाच की, या बायकांना कुणी नेतृत्वाची कार्यशाळा दिली नव्हती. त्या संघटित झाल्या, त्यांनी नकार दिला, जबाबदारी घेतली, ती पुढच्या पिढीकडे सोपवली. नेतृत्वाची कुठलीही व्याख्या लावा, ती इथे बसते. तरीही देशातल्या सगळ्यात मोठ्या न्यायालयाने 'यांचं म्हणणं निर्णायक आहे' असं म्हणायला अडतीस वर्षं लागली. क्षमता होतीच. नव्हती ती मान्यता.

जोआन ट्रॉन्टो या राजकीय विचारवंतांनी १९९३ मध्ये काळजी घेण्याच्या क्रियेचे चार टप्पे सांगितले. गरज ओळखणं, जबाबदारी उचलणं, प्रत्यक्ष काळजी घेणं आणि काळजी स्वीकारणं. त्यांचं निरीक्षण असं की, पहिले दोन टप्पे सत्तावानांकडे जातात, आणि तिसरा, घामाचा टप्पा, कमी सत्तेच्या लोकांकडे, बहुतेकदा बायकांकडे येतो. आता ही चौकट भागीदाऱ्यांना लावून पाहा. गरज कोण ओळखतं? निधी देणारी संस्था. जबाबदारी कुणाची? प्रकल्प-संचालकाची. प्रत्यक्ष काम कुणाचं? स्थानिक परिचारिकेचं. म्हणजे परिचारिकेला नेता बनवणाऱ्या प्रकल्पाची रचनाच तिला पुन्हा तिसऱ्या टप्प्यावर बसवते.

काही वर्षांपूर्वी अशाच एका प्रशिक्षणात मला नीतिशास्त्रावर बोलायला बोलावलं होतं. कुठलं रुग्णालय ते सांगत नाही. भागीदार संस्थेने एक छापील फॉर्म दिला होता: पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता? एका मध्यमवयीन सिस्टरने लिहिलं होतं, 'याच वॉर्डात, पण दोन जास्त सिस्टर असतील तर बरं.' पाहुण्या प्रशिक्षक हसल्या, आणि तिला 'महत्त्वाकांक्षा वाढवायला हवी' असा शेरा मिळाला. मी मागच्या बाकावर होतो, गप्प बसलो. आज त्याची लाज वाटते. कारण त्या खोलीतलं सर्वांत व्यवस्थापकीय वाक्य तेच होतं. तिने वॉर्डचं निदान केलं होतं, उपचार सांगितला होता आणि किती मनुष्यबळ लागेल तेही सांगितलं होतं. त्या आठवड्यात वॉर्डातल्या तीन जणी प्रशिक्षणाला आल्या, म्हणून बाकीच्यांना दुहेरी ड्यूटी लागली, हे मला जेवणाच्या सुट्टीत कळलं. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं.

तिसरा आक्षेप स्थलांतराचा. २०२०च्याच अहवालानुसार जगात दर आठांपैकी एक परिचारिका जन्मलेल्या किंवा शिकलेल्या देशाबाहेर काम करते. माझा जाण्याला विरोध नाही. चांगला पगार आणि मान मिळतो म्हणून कुणी जात असेल तर तिला थांबवायचा अधिकार मला नाही, सरकारलाही नाही. पण श्रीमंत देश एका हाताने नेतृत्वविकास करतो आणि दुसऱ्या हाताने त्याच नेत्या भरती करतो, याला भागीदारी म्हणायचं का? २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेने भरतीची आचारसंहिता केली. २०२३ मध्ये मनुष्यबळाची तीव्र टंचाई असलेल्या ५५ देशांची यादी काढली. घाना त्यात आहे, झांबिया आहे. ब्रिटन या देशांतून स्वतःहून भरती करत नाही, पण एखादीने आपणहून अर्ज केला तर दार उघडं असतं. नेतृत्वाचं प्रमाणपत्र त्या अर्जाला जोडलं की अर्ज आणखी भक्कम होतो.

भारत या यादीत नाही. आपण तर पाठवण्याच्याच बाजूला आहोत. जुलै २०२२ मध्ये ब्रिटनशी आरोग्य-मनुष्यबळाचा करार झाला. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. मुलींना जर्मन शिकवायची तयारी सुरू झाली. ठीक आहे. पण इथल्या खासगी रुग्णालयांत काय स्थिती आहे? परिचारिकांच्या राष्ट्रीय संघटनेला पगारासाठी सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. २०१६च्या निर्देशांनंतर नेमलेल्या समितीने लहानात लहान, पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही महिना किमान २०,००० रुपये द्यावेत अशी शिफारस केली. ती किती ठिकाणी पाळली जाते, हे तुमच्या ओळखीतल्या एखाद्या नर्सला विचारा. परिचारिकांच्या नेतृत्वाची खरी शाळा कुठे भरली म्हणाल तर या पगाराच्या लढ्यांमध्ये. पण 'युनियन' हा शब्द मला नेतृत्वविकासाच्या पुस्तिकांत क्वचितच दिसतो.

आता प्रसाविकांकडे वळतो, कारण तिथे आपल्याला स्वतःच्याच चुकीतून शिकता येईल.

सुईणीपासून पोट लपत नाही, असं आपल्याकडे म्हणतात. म्हणजे तिच्या ज्ञानाला लोकभाषेत मान होता, जातीमुळे तिला स्वतःला तो नसला तरी. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६च्या भोर समितीच्या वेळी देशात जेमतेम ७,००० परिचारिका होत्या, साधारण ४३,००० लोकांमागे एक. मग १९५०च्या दशकात एएनएम हे पद आलं. दोन वर्षांचं प्रशिक्षण, आणि त्यात भर बाळंतपणावर. ही खेड्यातली प्रशिक्षित प्रसाविका होणार होती. १९७०च्या दशकात तिला 'बहुउद्देशीय' करण्यात आलं. १९७७ मध्ये अभ्यासक्रम दीड वर्षावर आणला गेला. लसीकरण, नोंदी, आणि मुख्य म्हणजे कुटुंबनियोजनाची उद्दिष्टं तिच्या डोक्यावर आली. लोकसंख्या-नियंत्रण ही त्या काळी देशी सरकारची आणि परदेशी देणगीदारांची समान आवड होती, हे विसरू नका. तिच्या हातातलं मूळ कसब हळूहळू सुटलं. कुणी तिला विचारलं नाही. भागीदारी होती, निधी होता, प्रशिक्षणही होतं, फक्त तिचं काम काय हे ठरवणाऱ्या टेबलावर तिला खुर्ची नव्हती.

मग २०१८च्या डिसेंबरात केंद्र सरकारने प्रसाविका-सेवांची मार्गदर्शक तत्त्वं काढली. परिचारिकांना अठरा महिन्यांचं जादा प्रशिक्षण देऊन नवी प्रसाविका घडवायची, निकष आंतरराष्ट्रीय. त्याआधी तेलंगणात सरकार, युनिसेफ आणि हैदराबादचं फर्नांडिस फाउंडेशन यांनी मिळून अशी सुरुवात केलेली होती. हा प्रयोग मला आशादायक वाटतो आणि का ते सांगतो. इथे परदेशातून आलं ते मोजकं आणि उपयोगी कसब: सिझेरियन टाळून नैसर्गिक बाळंतपण कसं सांभाळायचं, बाईला उठून फिरू द्यायचं, तिचं ऐकायचं. आणि सोबत एक पद तयार करण्याचा प्रयत्न झाला. कौशल्य आणि पद एकत्र आले तर काहीतरी टिकतं. पण सावध राहावं लागेल. अठरा महिने शिकून आलेली प्रसाविका पुन्हा जनरल वॉर्डात इंजेक्शनं द्यायला लावली, तर एएनएमचीच गोष्ट दुसऱ्यांदा घडेल.

मॅडेलीन हिली यांचं 'इंडियन सिस्टर्स' हे २०१३चं पुस्तक ज्यांना शक्य असेल त्यांनी जरूर वाचावं. १९०७ ते २००७ अशा शंभर वर्षांतल्या भारतीय परिचारिकांच्या नेतृत्वाचा तो इतिहास आहे. ते वाचताना माझ्या मनात जे पक्कं झालं ते असं: बाहेरची मदत या देशात शंभर वर्षं येतच आहे. मिशनरी आले, अमेरिकन फाउंडेशनं आली, जिनिव्हाचे सल्लागार आले. मदतीचा तुटवडा हे आपलं मुख्य दुखणं कधीच नव्हतं.

मग भागीदारी करूच नये का? करावी. पण करार समोर आला की तीन प्रश्न विचारावेत. एक, विषय कुणी ठरवला? त्या वॉर्डातल्या परिचारिकेने की निधी देणाऱ्याने? दोन, प्रशिक्षण संपल्यावर तिच्या हाती कुठला निर्णय येणार आहे, जो काल तिच्या हाती नव्हता? ड्यूटीचा तक्ता, औषधांची खरेदी, भरतीच्या समितीतलं मत, काहीही चालेल, पण एक तरी. तीन, शिकणं दोन्ही बाजूंनी आहे का? चाळीस रुग्णांना एकटीने सांभाळणाऱ्या आपल्या सिस्टरकडून मँचेस्टरच्या परिचारिकेने काय शिकायचं, हे करारात लिहिलं आहे का? तिन्हींची उत्तरं 'नाही' असतील, तर तो अभ्यासदौरा आहे. अभ्यासदौरा वाईट नसतो, पण त्याला भागीदारी म्हणू नये.

थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.

(श्रोत्यांमधून: सर, मी स्वतः नर्स आहे. अशाच एका कार्यक्रमात सहा महिने शिकले. तिथे पहिल्यांदा कुणीतरी मला माझं मत विचारलं. तुम्ही म्हणता तसं निर्णयाचं पद मिळालं नाही, पण मी बदलले. ते फुकट गेलं का?)

नाही हो ताई, मुळीच नाही. तुम्ही माझ्या मांडणीतली उणीव दाखवली. मी रचनेवर बोललो आणि माणसाकडे जरा दुर्लक्ष केलं. कुणीतरी मत विचारलं, हे स्वतःच मूल्य आहे. 'ट्रिपल इम्पॅक्ट'सारखे अहवाल सांगतात की परिचारिकांना बळ दिलं तर आरोग्य सुधारतं, स्त्री-पुरुष समानता वाढते, अर्थव्यवस्था वाढते. सगळं खरं असेल. पण यातला काहीच फायदा झाला नाही, तरी तुम्हाला तुमचं मत विचारलं जाणं न्याय्यच होतं. फक्त माझी तक्रार अशी की, ते विचारायला सातासमुद्रापलीकडून माणूस यावा लागला. तुमच्या अधिसेविकेने, तुमच्या डॉक्टरांनी ते त्याआधी का विचारलं नाही? आता तुम्ही बदलला आहात, तर एक विनंती करतो. उद्या ड्यूटीवर गेल्यावर सगळ्यात ज्युनिअर जी सिस्टर असेल, तिला तुम्ही तिचं मत विचारा. आणि ती जे सांगेल ते नोंदवहीत लिहा, तिच्या नावासकट.